इंजिन-बदलानंतर प्रॉपेलर शाफ्टचे कोन

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकांतील मूळ इंजिन काढून त्या जागी पर्किन्स पी-६ सारखे डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात स्वातंत्र्योत्तर दशकांत भारतात चांगलाच रूढ होता. जुनी वाहने हौसेने पुन्हा उभी करणाऱ्यांच्या हातून असा इंजिन-बदल आजही होत असतो. काम पुरे होते, इंजिन सुरेख चालते. परंतु गाडीने वेग घेताच तळातून थरथर जाणवू लागते. दोष प्रायः शाफ्टच्या असंतुलनावर ठेवला जातो, शाफ्ट पुन्हा पुन्हा संतुलित करून आणला जातो, आणि थरथर जशीच्या तशी राहते. काही महिन्यांत सांध्यांची बेअरिंगे व गिअरबॉक्सचे मागील सील निकामी होऊ लागले म्हणजे खर्चाचा आकडा आणखी वाढतो. अशा प्रसंगी मूळ कारण पुष्कळदा वजनात नसून भूमितीत असते.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा पिनियन यांना जोडणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंट असतो. रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्या सांध्याचे वर्णन केले आहे, तोच हा. कोनात वाकूनही गती पुढे पोचविणे हा त्याचा गुण. पण ती गती तो एकसारखी पोचवीत नाही, ही त्याची खोड. चालक अक्ष समगतीने फिरत असला तरी चालित अक्ष प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. सांध्याचा कोन १० अंश असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का होतो. ३ अंशांस तो ०.१४ टक्क्यावर येतो. म्हणजे तो कोनाच्या नव्हे, कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. असंतुलनाची थरथर फेरीगणिक एकदा येते, कोनाची दोनदा. निदानाची ही सोपी खूण होय.

पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा पुसून टाकू शकतो. त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन समान हवेत, तिन्ही अक्ष एकाच प्रतलात हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. शेवटची अट मोडणे फार सोपे आहे: स्प्लाइन एका दात्याने चुकवून बसविली की झाले.

समान कोनांची अट इंजिन-बदलात कशी बिघडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नव्या इंजिनाचे तेलपात्र पुढील आडव्या पट्टीस लागते म्हणून इंजिन उंच बसविले. आता गिअरबॉक्सचा अक्ष मागे १ अंश उतरता, शाफ्ट ७ अंश उतरता आणि पिनियनचा अक्ष, त्याचे नाक वर असल्याने, ३ अंश उतरता आहे. पुढील सांध्याचा कोन ६ अंश व मागील ४ अंश झाला. फरक अवघा २ अंशांचा, असे म्हणून कारागीर स्वस्थ राहतो. परंतु येथे वजाबाकी कोनांची नसून त्यांच्या वर्गांची करावयाची असते. ३६ मधून १६ वजा जाता २० उरतात, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे साडेचार. अर्थात पिनियनला साडेचार अंशांत वाकलेल्या एकट्या सांध्याइतका हिसका बसतो. शाफ्ट मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असता हे कोनीय त्वरण प्रति सेकंद वर्ग सुमारे ६०० रेडियनपर्यंत जाते. फेऱ्या दुप्पट झाल्यास चौपट होते.

पिनियनचे नाक २ अंश खाली वळविण्यासाठी पाटे व ॲक्सल यांच्या मध्ये पाचर घालावी, हा उपाय प्रथम सुचतो. त्याने दोन्ही कोन ६ अंशांचे होतात व पिनियनची गती सुधारते. तथापि मधला शाफ्ट स्वतः ६ अंशांचाच चढउतार सोसत राहतो. तीन अंशांच्या आसपास राहावे, हा संकेत वेगवान गाडीसाठी अधिक हिताचा. यास्तव जागा मिळत असेल तर पाचरीपेक्षा गिअरबॉक्सची बैठक उतरविणे श्रेयस्कर. पुढील आधारापासून १.२ मीटरवर असलेले टोक २ अंशांच्या कलाने सुमारे ४२ मिलिमीटर खाली येते. शाफ्ट दीड मीटर लांब असेल तर त्याचाही कल १.६ अंशांनी घटतो. आता गिअरबॉक्स ३, शाफ्ट ५.४, पिनियन ३. दोन्ही कोन २.४ अंशांचे, आणि पिनियनला हात लावण्याचे कारणही उरले नाही.

मोजणी मात्र गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना कोनमापक पाणसळीने करावी. चॅसी घोड्यांवर चढवून ॲक्सल लोंबत ठेवल्यास मिळणारे आकडे निरुपयोगी असतात. माल लादल्यावर पाटे दबतात व शाफ्टचा कल बदलतो, म्हणून नेहमीच्या भाराने एकदा मोजून पाहणे बरे. शिवाय जोर लावताच पाटे पिळले जाऊन पिनियनचे नाक किंचित वर उचलते. मऊ पाट्यांच्या हलक्या गाडीत ते आधीच एक-दोन अंश खाली ठेवतात, जड ट्रकच्या ताठ पाट्यांत ही सूट जवळजवळ लागत नाही. आणि सारे अक्ष एका रेषेत आणून कोन शून्यच करावा, असा मोह कोणास झाल्यास तोही टाळावा. अर्धा-एक अंश तरी कोन नसला तर सांध्यातील सुईबेअरिंगचे रूळ जागच्या जागी राहतात, वंगण पसरत नाही आणि क्रॉसवर त्यांचे ओरखडे उमटतात.