सदुसष्टावा मणी : ए-वन आणि ए-टू दुधाचा वाद

गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिने असतात आणि त्यांतला सुमारे ८० टक्के वाटा केसीन या गटाचा असतो. दूध नासले की चोथा-पाणी वेगळे होते, त्यातला चोथा मुख्यतः केसीनचा. या गटातले एक प्रथिन म्हणजे बीटा-केसीन. माळेत मणी ओवावेत तशी २०९ अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली गेली की त्याचा एक रेणू होतो. या माळेतला ६७ वा मणी प्रोलिनचा असेल तर ते बीटा-केसीन ‘ए-टू’, आणि त्याच जागी हिस्टिडीन असेल तर ‘ए-वन’. बाकीचे २०८ मणी दोन्हींत सारखेच. दुधातली साखर, कॅल्शियम किंवा स्निग्धांश यांच्याशी या फरकाचा संबंध नाही. गेली सुमारे तीस वर्षे चाललेला आणि आज पिशवीबंद दुधापासून तुपाच्या बरणीपर्यंत पोहोचलेला वाद या एका मण्याचा आहे.

मूळ प्रकार ए-टू. काही हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या गुरांमध्ये एका जनुकात बदल झाला आणि ए-वन अस्तित्वात आले. होल्स्टिन फ्रिजियनसारख्या जातींत ते पुष्कळ प्रमाणात आढळते. प्रोलिनशी झालेला बंध पचनरसांना सहजी तुटत नाही, हिस्टिडीनशी झालेला तुटतो. तो तुटला की सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो. त्याचे नाव बीटा-कॅसोमॉर्फिन-७. नावातला ‘मॉर्फिन’ वाचून घाबरून जाणारे पुष्कळ आहेत. अफूतल्या मॉर्फिनला शरीरात जी ग्राहके प्रतिसाद देतात, त्यांना हा तुकडाही चिकटू शकतो, म्हणून हे नाव. त्याचा जोर मात्र मॉर्फिनच्या मानाने फार कमी. इथपर्यंतचे रसायनशास्त्र पक्के आहे. हा तुकडा आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो का, आणि उतरून माणसाला आजारी पाडतो का, या प्रश्नांपासून वाद सुरू होतो.

त्याचे मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. ऑकलंडमधील बालआरोग्याचे संशोधक बॉब एलियट यांच्या लक्षात आले की सामोआ बेटांवर राहणाऱ्या मुलांपेक्षा न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांत पहिल्या प्रकारचा मधुमेह अधिक दिसतो. वंश तोच, मग बदलले काय? एलियट यांचे लक्ष दुधाकडे वळले. १९९९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांत दरडोई किती ए-वन बीटा-केसीन पोटात जाते आणि तिथे या मधुमेहाचे प्रमाण किती, याची सांगड घालून दाखवली. २००३ मध्ये २० देशांच्या आकडेवारीवरून हृदयविकाराबाबतही असाच सहसंबंध मांडला गेला. दरम्यान २००० साली ‘ए-टू कॉर्पोरेशन’ ही कंपनी न्यूझीलंडमध्ये उभी राहिली. संस्थापकांपैकी कॉरन मॅक्लाक्लन हे स्वतःच या संशोधनात गुंतलेले होते. शास्त्रीय शंका आणि विक्रीचा माल एकाच वेळी जन्माला आल्याने या विषयावरचा प्रत्येक निष्कर्ष वाचताना पैसा कोणाचा, हे पाहणे भाग पडते.

देशांच्या सरासरीवरून माणसाच्या आजाराचे कारण ठरवण्यात मोठा धोका असतो. जास्त दूध पिणारे देश बहुधा थंड हवेचे आणि सधन. तिथे ऊन कमी, मांसाहार व साखर अधिक, आणि आजारांची नोंदही काटेकोर. यातले नेमके काय मधुमेहाला कारणीभूत, हे देशांची आकडेवारी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोग लागतात. मधुमेहाकडे कल असलेल्या उंदीर-घुशींवर अनेक प्रयोगशाळांत मिळून प्रयोग झाले. कोणत्या गटाला कोणते खाणे, हे तपासणाऱ्यांपासून लपवून ठेवले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत ए-वनवरचा आरोप टिकला नाही. सर्वांत जास्त मधुमेह झाला तो दूध अजिबात नसलेल्या, गव्हाचे प्रमाण अधिक असलेल्या आहारावर. माणसांना काही आठवडे एकेका प्रकारचे केसीन देऊन कोलेस्टेरॉल व रक्तवाहिन्यांची स्थिती तपासली गेली, तेव्हाही फरक आढळला नाही. २००९ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला. बीटा-कॅसोमॉर्फिन-७ खाण्यात येणे आणि मधुमेह-हृदयविकारासारखे आजार होणे यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मधुमेह आणि हृदयविकाराची भीती दाखवून ए-टू दूध विकणाऱ्याकडे आजही याहून सबळ पुरावा नाही.

पोटाच्या तक्रारींचे प्रकरण थोडे वेगळे आहे. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब होणे यामागे बहुतेकदा लॅक्टोज असते. ही दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर मोठेपणी अनेकांच्या आतड्यात घटते. ए-वन आणि ए-टू दोन्ही दुधांत लॅक्टोज तेवढेच. तरीही २०१६ साली चीनमधील ४५ जणांवर झालेल्या एका चाचणीत फक्त ए-टू असलेले दूध पिताना त्रास कमी झाल्याचे दिसले. या संशोधनाला ए-टू दूध विकणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते आणि माणसेही थोडी होती, पण एवढ्यावरून ते खोटे ठरवता येणार नाही. काही जणांना ए-टू दूध सोसते आणि साधे सोसत नाही, ही शक्यता खुली आहे. ती पोटाच्या सोयीपुरती आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

भारतात हा वाद आला तेव्हा इथली गुरे कोणत्या प्रकारची, हे पाहणे आवश्यक होते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांनी १५ देशी गोवंश आणि म्हशींच्या ८ जातींची जनुकीय तपासणी केली. २००९ मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार देशी गाईंत ए-टू जनुकाचे प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक, आणि म्हशींत ए-वन आढळलेच नाही. म्हणजे म्हशीचे दूध पिणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ए-टूच पीत आला आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. त्या पेल्यावर ‘ए-टू’ लिहिलेले नसते, पण त्यातले बीटा-केसीन ए-टूच असते. बाजारात मात्र ए-टू म्हणजे देशी गाईचे दूध असे समीकरण रुजले आहे आणि त्याला साध्या दुधाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त दर मोजला जातो. न्यूझीलंडमधले ए-टू दूध येते ते विदेशी जातींच्याच, पण तपासून निवडलेल्या गाईंचे. ए-टू हा गुण त्या त्या गाईच्या जनुकांचा असतो. चारा, कुरण किंवा हाताने घुसळणे यांनी तो येत नाही आणि जातही नाही.

महाराष्ट्रातल्या गाईच्या दुधाचा मोठा भाग संकरित गाईंचा आहे. अशा गाईला आईकडून ए-टू आणि बापाकडून ए-वन मिळाले असेल, तर तिच्या दुधात दोन्ही उतरतात. सकाळी गावच्या संकलन केंद्रावर किटल्या येतात, प्रत्येकीतून नमुना काढून यंत्रात घालतात, पडद्यावर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन पदार्थांचे) आकडे उमटतात, पावती फाटते आणि दूध एकाच कूलरमध्ये ओतले जाते. दर ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापाला. बीटा-केसीन कोणते, हे तिथे कोणी मोजत नाही. खात्रीचे ए-टू दूध हवे असेल तर गोठ्यातली प्रत्येक गाय केसाच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून तपासून वेगळी ठेवावी लागते आणि तिचे दूधही शेवटपर्यंत वेगळेच न्यावे लागते. हा खर्च खरोखर करणारा उत्पादक जास्त दर मागतो तेव्हा त्यात गैर काही नाही. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी या जाती उन्हात, हलक्या चाऱ्यावर तग धरतात आणि चार पैसे जास्त मिळाल्याने शेतकरी त्या राखणार असेल तर ती मोठी गोष्ट आहे. पण त्यांची थोरवी सांगायला न सिद्ध झालेल्या आजारांची भीती घालण्याची गरज नाही.

तुपाची गोष्ट तर सरळच आहे. लोणी कढवताना प्रथिने बेरीच्या रूपाने तळाशी बसतात, ती गाळून टाकली की उरतो तो जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. ज्यात बीटा-केसीनच उरलेले नाही त्यात ए-वन काय आणि ए-टू काय. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या सूचनेत हाच मुद्दा होता. हा फरक प्रथिनाचा असल्याने स्निग्ध पदार्थांवर तो दावा दिशाभूल करणारा आहे, असे सांगून दूध व दुग्धजन्य पदार्थांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला कंपन्यांना सांगितले गेले. पाचच दिवसांत, २६ ऑगस्टला, संबंधितांशी अधिक विचारविनिमय करण्यासाठी म्हणून ही सूचना मागे घेण्यात आली. सूचना मागे गेली तरी तुपाचे रसायनशास्त्र बदललेले नाही.

खरेदी करणाऱ्या घरासाठी काही गोष्टी निर्विवाद आहेत. ए-टू दूध कच्चे, न तापवता पिणे अधिक पौष्टिक असते हा समज धोक्याचा आहे. ब्रुसेलोसिस आणि गोवंशाच्या क्षयाचे जंतू गाईचे जनुक पाहून येत नाहीत, त्यामुळे दूध उकळलेच पाहिजे. ज्या मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्याला ए-टू दूधही चालत नाही, कारण ॲलर्जी उठवणारी इतर प्रथिने त्यातही तशीच असतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाईचे दूध, मग ते कोणत्याही प्रकारचे असो, मुख्य आहार म्हणून देऊ नये : त्यात लोह फार थोडे असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपतील त्याहून जास्त.