जुन्या आउटबोर्ड इंजिनाची इंधननळी : रचना, बिघाड आणि निगा (शहापूर-मुरबाड परिसरातील पूरबचावाच्या संदर्भात)

प्रस्तावना

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून भातसा, काळू, बारवी या नद्यांचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत या खोऱ्याने महापूर अनुभवला. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांच्या सुटकेसाठी बोटी आणाव्या लागल्या. बचावाची बोट वर्षातील बहुतेक काळ कोरडी पडून असते आणि गरज लागताच ती काही मिनिटांत सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. तिच्या इंजिनाची चर्चा सहसा अश्वशक्तीपुरतीच होते. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दीड-दोन मीटर रबरी नळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित घटकाचा विचार केला आहे.

नळीचे कार्य व बिघाडाचे स्वरूप

जुन्या आउटबोर्ड इंजिनात इंधन ढकलले जात नाही, ओढले जाते. इंजिनावरील पडद्याचा पंप टाकीतून पेट्रोल शोषून घेतो. नळीच्या मध्ये असलेला रबरी फुगा प्रारंभी हाताने दाबून नळी भरावयाची असते. त्याच्या दोन्ही टोकांस एकदिशा झडपा असून त्यावरील बाण इंजिनाकडे असावा लागतो.

शोषणामुळे बिघाडाचे लक्षण आपल्या अपेक्षेच्या उलट दिसते. नळीस बारीक चीर पडली तरी चालू इंजिनात पेट्रोल बाहेर गळेलच असे नाही; उलट हवा आत शिरते. इंजिन मंद गतीत व्यवस्थित चालते, मात्र वेग वाढविताच गुदमरते. द्विधावी इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने इंधन कमी पोहोचणे म्हणजे वंगणही कमी पोहोचणे होय. अशा स्थितीत इंजिन रेटल्यास दट्ट्या जखडू शकतो. काही रुपयांच्या नळीपायी संपूर्ण इंजिन निकामी होते ते असे.

दुसरा बिघाड अधिक फसवा आहे. नळीचे आतील अस्तर सुटून शोषणासरशी पडद्यासारखे मिटते, बाहेरून मात्र नळी धडधाकट दिसते. अशा वेळी फुग्याकडे पाहावे. चालू इंजिनात फुगा चपटा होत असेल, तर अडथळा टाकी व फुगा यांच्या दरम्यान आहे. अर्थात, टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडण्यास विसरल्यासही हेच घडते, आणि घाईत हीच चूक सर्वाधिक होते.

इथेनॉलचा प्रश्न

2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 2025 पर्यंत हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. जुन्या नळ्यांचे रबर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. इथेनॉलमुळे ते फुगते, त्यातील मऊपणा देणारी द्रव्ये निघून जातात व वाळल्यावर ते तडकते. शिवाय इथेनॉल हवेतील बाष्प शोषते. दमट पावसाळी हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साचून इंधनापासून वेगळे होण्याचा धोका असतो.

निगा

मे महिन्यातच नळी वाकवून पाहावी. वाकविल्यावर बारीक भेगा दिसल्यास, नळी कडक झाली असल्यास किंवा चिकट लागल्यास ती बदलावी. स्वच्छ फडक्याने पुसल्यावर फडक्यास पेट्रोलचा वास आला, तरी नळी बाद समजावी. नवी नळी इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनविलेली व मूळ व्यासाचीच असावी. पारदर्शक प्लास्टिकची साधी नळी स्वस्त मिळते, पण पेट्रोलने लवकर कडक होते. ती तात्पुरतीही लावू नये. गंज न धरणारे पट्टे बेताने आवळावेत. हंगाम संपल्यावर नळी इंजिनापासून सोडवून, पेट्रोल काढून, उन्हापासून दूर सैल वेटोळे करून ठेवावी.

पिंपातील पाण्यात इंजिन सुरू झाले म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तपासणी पूर्ण झाली, असा समज आढळतो. वर सांगितल्याप्रमाणे हवेची गळती मंद गतीत जाणवतच नाही. म्हणून बोट जलाशयात उतरवून, भार घेऊन, पूर्ण वेगात किमान दहा-पंधरा मिनिटे चालविणे आणि त्या वेळी फुग्यावर हात ठेवून असणे आवश्यक आहे.