कशावरून?

८ मे २०२५च्या रात्री अनेक मराठी घरांत टीव्ही आणि मोबाईल एकाच वेळी चालू होते. पहलगामच्या हल्ल्यात २६ जण मारले गेले होते, त्यांतले सहा महाराष्ट्राचे. त्याला उत्तर म्हणून भारताने पाकिस्तानविरुद्ध हाती घेतलेलं ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते. रात्र चढत गेली तशा पडद्यावर लाल पट्ट्या धावू लागल्या. नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केलं, इस्लामाबाद पडलं, पाकिस्तानचा लष्करप्रमुख ताब्यात. ‘सूत्रांच्या हवाल्याने’ एवढा आधार त्या रात्री सगळ्यांना पुरला. उजाडलं तेव्हा कराची बंदर जागच्या जागी होतं आणि लष्करप्रमुखही आपल्या पदावर होता.

मोबाईलवर याहून मजेशीर माल फिरत होता. फिलाडेल्फियात जानेवारीत कोसळलेल्या एका विमानाच्या आगीचं चित्रण कराचीचं म्हणून खपलं. ‘आर्मा ३’ या युद्धखेळातल्या क्लिपा दोन्ही देशांत मोठ्या अभिमानाने पुढे ढकलल्या गेल्या. आपलं क्षेपणास्त्र त्यांचं विमान पाडतंय, असं दोन्हीकडच्या लोकांना त्याच खेळात दिसत होतं. हा खेळ बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या चेक कंपनीवर नोव्हेंबर २०२२मध्येच, युक्रेन युद्धाच्या वेळी, खुलासा करण्याची पाळी आली होती. आमच्या खेळातली क्लिप ओळखायची कशी, हे तिने सांगून ठेवलं होतं: चित्र धूसर असतं, कॅमेरा उगाच हलत असतो, बहुधा रात्र असते, आवाज नसतो आणि हालचाल करणारी माणसं दिसत नाहीत.

अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर काय होतं ते सांगायला नकोच. कुणी धीर करून लिहितो, “काका, हा व्हिडिओ गेमचा आहे.” काकांचं उत्तर तयार असतं, “तुला सैन्यापेक्षा जास्त कळतं का?” मग तो एखादी लिंक टाकतो. ती बीबीसीची असेल तर बीबीसी भारतद्वेष्टी ठरते, तथ्यतपासणी करणाऱ्या ‘ऑल्ट न्यूज’ची असेल तर ते डावे ठरतात. समोरच्याने एखाद्या चॅनलचं नाव घेतलं की ते सरकारधार्जिणं, ‘गोदी’. दहा मिनिटांत मूळ क्लिप बाजूला पडते आणि कोण कोणाचं मीठ खातो यावर काथ्याकूट सुरू होतो. शेवटी ॲडमिन ‘इथे राजकारण नको’ असं लिहून मोकळा होतो आणि एकदोघे ग्रुप सोडून जातात. क्लिप मात्र तिथेच राहते.

वादाची गाडी इथेच रुळावरून घसरते. बातमी सांगणारा कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की त्याला हे कळलं कसं? त्याने डोळ्यांनी पाहिलं, कुणाकडून ऐकलं, कागद वाचला, की ताडलं? आणि तो सांगतोय ते दुसऱ्या कुणाला स्वतः तपासून पाहता येईल का?

हा प्रश्न नेटाने धरून ठेवला तर भलामोठा वादही कसा मार्गी लागतो, याचं ठसठशीत उदाहरण युक्रेनमधलं आहे. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ हे विमान पूर्व युक्रेनच्या आकाशात फुटलं. २९८ माणसं गेली. त्यांतली १९६ नेदरलँड्सची. खालच्या मुलखावर रशियाचा पाठिंबा असलेल्या बंडखोरांचा ताबा होता. विमान कुणी पाडलं यावर त्याच संध्याकाळी जगभर जुंपली.

चार दिवसांनी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने पत्रकार परिषद घेतली. नकाशे, उपग्रहचित्रं, रडारच्या नोंदी, गणवेशातले अधिकारी असा सगळा सरंजाम होता. युक्रेनचं एक लढाऊ विमान, बहुधा सुखोई-२५, एमएच-१७च्या जवळ आलं होतं, असं त्यांनी सांगितलं. अडचण अशी की सुखोई-२५ हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणारं विमान. त्याची उड्डाणमर्यादा सुमारे सात किलोमीटर, तर एमएच-१७ दहा किलोमीटर उंचीवर होतं. त्याच सुमारास विकिपीडियावर सुखोई-२५च्या पानावरचा मर्यादेचा आकडा वाढवण्याचे उद्योग झाले. विमान उंच उडवता येत नसेल तर निदान आकडा उडवावा, हा त्यामागचा हिशेब असावा.

त्याच परिषदेत आणखी एक दावा होता. ‘बुक’ या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा, एक क्षेपणास्त्र कमी असलेला प्रक्षेपक ट्रकवर लादून नेला जातोय, असं चित्रण युक्रेनने प्रसिद्ध केलं होतं. रशियाचं म्हणणं, हे चित्रण क्रास्नोआर्मेस्कचं, म्हणजे युक्रेनच्याच ताब्यातल्या गावातलं आहे. चित्रणातल्या जाहिरातफलकावर तिथला पत्ता वाचता येतो. यावर वाद घालायला जगभर तज्ज्ञ जमले असते. प्रत्यक्षात चित्रणातल्या ट्रॉलीबसच्या तारा, झाडांची रांग, चौकातले खांब यांची जुळणी हौशी मंडळींनी घरबसल्या केली. जागा बंडखोरांच्या ताब्यातल्या लुहान्स्कमध्ये सापडली. तिथल्या एका रहिवाशाने जाऊन त्या फलकाचा फोटोच काढला. त्यावर रशियाने सांगितलेला पत्ता नव्हता.

हे काम करणाऱ्यांत एलियट हिगिन्स हा लेस्टरचा इंग्रज गृहस्थ पुढे होता. तो ना पत्रकार, ना सैनिक, ना गुप्तहेर. सीरियातल्या युद्धाची चित्रणं पाहून त्यांतली शस्त्रं ओळखायचा छंद त्याला २०१२पासून जडला होता, तोही अरबी येत नसताना. विमान पडायच्या जेमतेम दोन-तीन दिवस आधी त्याने ‘बेलिंगकॅट’ नावाची संस्था सुरू केली होती. तिच्या गटाने पुढे जे केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

बुक प्रक्षेपक रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालतो. त्या पट्ट्यांच्या वर कडेला एक झालर असते. चिखल, दगड, धक्के खाऊन ती जागोजागी वाकते, फाटते, आणि कुठल्याही दोन वाहनांवर ती सारखी फाटत नाही. १७ जुलैला दोनेत्स्क ते स्निझ्ने या वाटेवर लोकांनी काढलेल्या फोटोंत दिसणाऱ्या प्रक्षेपकाच्या झालरीचा काठ गटाने आखून काढला. मग रशियातल्या समाजमाध्यमांवरची जुनी चित्रणं धुंडाळली. जून २०१४च्या अखेरीस कुर्स्कहून युक्रेनच्या सीमेकडे लष्करी गाड्यांचा एक तांडा गेला होता आणि वाटेतल्या लोकांनी हौसेने त्याचं चित्रण केलं होतं. त्या तांड्यातल्या एका प्रक्षेपकाची झालर तशीच फाटलेली निघाली. अंगावरच्या क्रमांकात पहिला आकडा ३, मधला पुसलेला, शेवटचा २. हा तांडा रशियाच्या ५३व्या विमानविरोधी क्षेपणास्त्र ब्रिगेडचा होता.

रशियाची बाजू दरम्यान बदलत राहिली. नोव्हेंबर २०१४मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने लढाऊ विमान क्षेपणास्त्र सोडताना दाखवणारं एक उपग्रहचित्र प्रसारित केलं. ते बनावट असल्याचं पटापट उघड झालं. जून २०१५मध्ये बुक बनवणाऱ्या ‘अल्माझ-अँते’ या रशियन कंपनीने सांगितलं की विमान बुकनेच पडलं, पण ते क्षेपणास्त्र युक्रेनने डागलं. म्हणजे लढाऊ विमानाची कहाणी रशियन कंपनीनेच निकालात काढली. तरी दोन्ही कहाण्या चर्चांमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या. कित्येकदा तर एकच माणूस दोन्ही सांगताना आढळे. अशा प्रचाराला एक गोष्ट पटवून द्यायची नसतेच. ‘खरं काय कुणास ठाऊक, सगळेच खोटं बोलतात’ असं म्हणून ऐकणाऱ्याने हात झटकले की प्रचाराचं काम झालेलं असतं.

डच सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २०१५मध्ये बुकवर शिक्कामोर्तब केलं. पाच देशांच्या संयुक्त तपास पथकाने मे २०१८मध्ये ५३व्या ब्रिगेडचं नाव घेतलं. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली आणि चौथ्याला सोडून दिलं. जुलै २०२५मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला जबाबदार धरलं. रशियाला हे मान्य नाही.

आता ग्रुपवरचे काका विचारतील, बेलिंगकॅटला पैसा कोण देतं? प्रश्न चुकीचा नाही. तिच्या देणगीदारांत अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी एक संस्थाही होती. पण झालरीचा फाटका काठ देणगीदाराकडे पाहून बदलत नाही. ते फोटो आणि ती चित्रणं सर्वांसमोर होती. ज्याला संशय असेल त्याने ती शेजारी ठेवून पाहावीत. उलट, जिथे असं शेजारी ठेवून पाहण्याची सोय नसते, निनावी अधिकारी, गोपनीय अहवाल, ‘आतल्या गोटातली’ बातमी, तिथे सांगणाऱ्याची पत, त्याचा हेतू आणि त्याचा इतिहास यांना खरी किंमत येते.

आणि पत मोठी असली तरी ती हमी नव्हे. इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याच्या बातम्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापल्या होत्या, आपलं ते वार्तांकन पुरेसं काटेकोर नव्हतं, हे त्या पत्राने मे २००४मध्ये, युद्ध पेटून वर्ष उलटल्यावर छापलं. गाझातल्या अल-अहली रुग्णालयात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी स्फोट झाला. तो इस्रायली हल्ला असल्याच्या हमासच्या दाव्यावर सुरुवातीला फार भिस्त ठेवली, अशी कबुली याच पत्राला सहा दिवसांत द्यावी लागली. ज्याच्यावर आक्रमण झालं तो खरंच बोलतो असंही नाही. युक्रेनच्या ‘कीवच्या भुता’ने, म्हणजे रशियाची विमानं एकट्याने पाडणाऱ्या वैमानिकाने, दोन महिने जग गाजवलं, एप्रिल २०२२च्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच ती दंतकथा असल्याचं सांगून टाकलं. स्नेक बेटावरच्या ज्या सैनिकांना राष्ट्राध्यक्षांनी मरणोत्तर सन्मान जाहीर केला, ते काही दिवसांत जिवंत असल्याचं कळलं.

मग खरंखोटं ठरवायचं कुणी? केंद्र सरकारने २०२३मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती करून सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे का, हे ठरवण्यासाठी सरकारचाच तथ्यतपासणी विभाग नेमण्याची तरतूद केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरुद्ध पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांचं मत आल्यावर सप्टेंबर २०२४मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. निकाल योग्यच म्हणायला हवा. खटल्यातल्या पक्षकाराने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये, हे गावच्या पंचायतीलाही कळतं.

स्वतःच्या घरातली शहानिशा सर्वांत अवघड असते, म्हणून तिचं मोलही जास्त. मे २०२५मध्ये पाकिस्तानचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी सिनेटमध्ये आपल्या हवाई दलाची स्तुती करताना ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा दाखला दिला. ते पान कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं बनावट पान होतं. ते उघडं पाडलं पाकिस्तानच्याच ‘डॉन’ने. इकडे, पूंछमध्ये तोफांच्या माऱ्यात मरण पावलेल्या एका शिक्षकाला काही भारतीय वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं होतं. बातमी धादांत खोटी असल्याचं पूंछ पोलिसांना पत्रक काढून सांगावं लागलं. घरात प्रेत, आणि टीव्हीवर त्याच माणसावर हा शिक्का.

त्याच मे महिन्यात, आपली काही विमानं पडली का, असं नुसतं विचारणाऱ्यालाही ग्रुपवर देशद्रोही ठरवलं जात होतं. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा सांगितला नाही, आणि सहा भारतीय विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा साफ चुकीचा असल्याचं म्हटलं. ऑगस्टमध्ये हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. दोन्हीकडचे आकडे आज ग्रुपवर छातीठोकपणे फेकले जातात. फेकणारा आपल्या बाजूचा असो वा त्यांच्या, त्याला आधी एवढंच विचारावं: कशावरून? आणि उत्तर येईपर्यंत तो आकडा पुढे पाठवू नये.