ओढ्यांतील शेवाळथर व कीटकांच्या अळ्या

ओढ्यातील दगडांवर जो बुळबुळीत थर चढतो, तो जिवाणू, डायाटम, हिरवे शेवाळ आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा बनलेला असतो. त्यास जैवपटल म्हणतात. दगडावर कोणत्या जलकीटकांच्या अळ्या स्थिरावतील, हे प्रवाहाच्या वेगाबरोबरच या थराच्या जाडीवरही ठरते. शेवाळ म्हणजे केवळ घाण, ही समजूत येथे टिकत नाही.

पुष्कळशा अळ्या प्रवाहाबरोबर वाहत नव्या जागी पोहोचतात. हे स्थलांतर मुख्यतः रात्री होते. जागा सोयीची नसल्यास अळी पुन्हा प्रवाहात उतरते. सिम्युलियम या चावऱ्या काळ्या माशीची अळी दगडावर रेशमाची बारीक गादी विणते आणि शरीराच्या मागील टोकाकडील आकड्यांनी तीत रुतून राहते. डोक्यावरील पंख्यांनी ती वाहत्या पाण्यातील अन्नकण गाळते. तंतुमय शेवाळ दाट वाढले की गादीस पक्का आधार मिळत नाही, दगडालगतचा प्रवाह मंदावतो आणि गाळ अडकतो. म्हणून ही अळी स्वच्छ किंवा पातळ थराचा पृष्ठभाग पसंत करते. मेफ्लायच्या काही चपट्या पिल्लांना मात्र हाच पातळ थर खरवडून खाण्यास हवा असतो. याउलट कायरोनोमिड कुळातील अनेक अळ्या दाट शेवाळातच नळीसारखी घरे बांधतात. थर एकच, परंतु एकास अडथळा तर दुसऱ्यास आसरा.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ (जालना जिल्हा) गोदावरीच्या खोऱ्यात आहे. मराठवाड्याच्या या बेसाल्टी प्रदेशातील बहुतेक लहान ओढे हंगामी आहेत. अशा ओढ्यांत उन्हाळ्यात जैवपटल वाळते, पावसाळ्यातील पूर दगड घासून काढतो आणि वसाहत जवळजवळ नव्याने सुरू होते. पुढे पाणी निवळले, ऊन तळापर्यंत पोहोचले आणि शेतांतून खतांतील नत्र व स्फुरद वाहून आले, की तंतुमय शेवाळ फोफावते. पाण्यात विष नसतानाही अळ्यांचे प्रकार त्यामुळे बदलतात.

जलकीटकांवरून पाण्याची प्रत ठरविताना ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. एकाच ओढ्यातील उघड्या आणि शेवाळलेल्या अशा दोन्ही दगडांवरील अळ्या स्वतंत्रपणे मोजणे, किंवा सारख्या आकाराच्या खरबरीत फरश्या काही आठवडे पाण्यात ठेवून त्यांची तुलना करणे, हा त्यावरील साधा उपाय होय.