अजिंठ्याचे रंग, मुलांचे चित्र

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एखादे प्रसिद्ध चित्र टांगतात आणि ‘असेच काढा’ म्हणून सांगतात. ते तसे जमत नाही. मग ‘मला चित्र येत नाही’ असे मूल सात-आठ वर्षांचे असतानाच ठरवून टाकते. म्हणून थोर चित्रे दाखवूच नयेत का? जरूर दाखवावीत, पण नक्कल करण्यासाठी नव्हे, ती कशी घडली हे शोधण्यासाठी.

अचलपूरच्या मुलांना अजिंठा परका नाही. तेथील बरीचशी लेणी पाचव्या शतकात, वत्सगुल्मच्या म्हणजे आपल्या वाशीमच्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात खोदली गेली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र वर्गात दाखवा आणि विचारा : यात कोणते रंग दिसतात? ते कशापासून केले असतील? लाल गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. पहिल्या दोन्हींचा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. अजिंठ्यातला निळा मात्र लाजवर्द दगडाचा. तो अफगाणिस्तानातून येई.

आता करून पाहा. पिवळी माती लोखंडी तव्यावर बराच वेळ तापवा (हे काम शिक्षकांनीच करावे). संयुगातील पाणी निघून जाते आणि माती तांबूस होते. एका रंगाचे दोन रंग झाले! दोन्ही माती वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. डिंकामुळे रंग कागदाला धरून राहतो. या रंगांनी मुलांना आपले घर, बैल, बाजार, हवे ते काढू द्या.

शेतातली काळी माती तापवली तर? आधी मुलांना अंदाज सांगू द्या, मगच तवा चुलीवर ठेवा.