विश्लेषण : शेवाळ खाणाऱ्या मेंढ्यांसाठी गडगा रचायला परदेशी स्वयंसेवक का येतात?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह आहे आणि त्याच्याही उत्तर टोकाला नॉर्थ रोनाल्डसे हे जेमतेम सात चौरस किलोमीटरचे बेट. येथे माणसे साठ-सत्तर, तर मेंढ्या दोन हजारांहून अधिक. या मेंढ्या वर्षातला बराच काळ गवतावर नव्हे, तर समुद्राच्या शेवाळावर जगतात. त्यांना किनाऱ्यावर रोखून धरणारा दगडी गडगा दर हिवाळ्यात कुठे ना कुठे ढासळतो. तो पुन्हा रचण्यासाठी उन्हाळ्यात बाहेरगावचे, परदेशातले लोक पदरमोड करून येतात. हे काम नेमके काय आहे, ते का लागते आणि त्याने किती फरक पडतो, याविषयी…

या मेंढ्या शेवाळ का खातात?

शेवाळाची सवय जुनी आहे. ऑर्कनीत सापडलेल्या नवाश्मयुगीन मेंढ्यांच्या दातांच्या अभ्यासातून त्या काळीही त्यांच्या आहारात शेवाळ होते, असे दिसून आले आहे. नॉर्थ रोनाल्डसेवर मात्र त्याची सक्ती झाली १८३२ मध्ये. त्याआधी येथील लोक केल्प जातीचे शेवाळ वाळवून जाळत आणि त्याची राख काच व साबणाच्या कारखान्यांना विकत. स्वस्त पर्याय आल्यावर हा धंदा बसला. मग जमीनमालकाने शेती आणि गाई-बैलांकडे मोर्चा वळवला. आतली जमीन गुरांसाठी मोकळी हवी, म्हणून बेटाभोवती सुमारे २० किलोमीटरचा गडगा घालून मेंढ्या त्याच्या बाहेर, किनाऱ्यावर काढण्यात आल्या.

सहसा गडगा जनावराला आत ठेवण्यासाठी घालतात. येथे तो बाहेर ठेवण्यासाठी घातला गेला. तेव्हापासून या मेंढ्यांचे घड्याळ समुद्राच्या हाती आहे. ओहोटी लागली की त्या खडकांवर उतरून चरतात आणि भरती आली की वर येऊन रवंथ करतात. इतर ठिकाणी मेंढ्या हिवाळ्यात रोडावतात. येथे उलटे होते. हिवाळी वादळे ढिगांनी शेवाळ किनाऱ्यावर आणून टाकतात आणि मेंढ्या त्याच काळात अंगाने भरतात. व्यायला आलेल्या मेंढ्यांना वसंत ऋतूत आत घेतले जाते. कोकरे थोडी मोठी होईपर्यंत त्या गवतावर राहतात आणि उन्हाळा सरताना पुन्हा किनाऱ्यावर जातात.

गडगा पडला तर काय बिघडते?

पहिला धोका मेंढ्यांच्या जिवाला आहे. शेवाळात तांबे फार कमी असते. त्यामुळे मिळेल तेवढे तांबे शोषून घेण्याची क्षमता या जातीच्या शरीराने कमावली आहे. अशा मेंढ्या दीर्घकाळ साध्या गवतावर राहिल्या, तर तांबे यकृतात साठत जाऊन त्यांना विषबाधा होऊ शकते. गडग्याआडचे हिरवे कुरण त्यांच्यासाठी थोडे दिवस ठीक आहे, कायमचे नाही.

दुसरा धोका वाणाला आहे. शेकडो मीटर गडगा आडवा झाला तर किनाऱ्यावरच्या मेंढ्या आतल्या इतर जातींच्या मेंढ्यांत मिसळतील आणि संकर होईल. जवळपास दोनशे वर्षे हा वाण शुद्ध राहिला, तो या दगडांमुळे. एकच कळप एकाच बेटावर असणे धोक्याचे, हे ओळखून दुर्मीळ वाणांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’ने १९७४ मध्ये ऑर्कनीतलेच लिंगा होम हे निर्मनुष्य बेट विकत घेऊन तेथे राखीव कळप नेला होता. तिसरा धोका शेतकऱ्याचा. आत शिरलेली मेंढरे गुरांचा चारा आणि पीक फस्त करतात. मोकाट गुरांचा त्रास कोकणातल्या बागायतदाराला नवा नाही, तोच हा प्रकार.

मग देखभाल कोण करते?

येथील शेती छोट्या तुकड्यांची आहे. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागात अशा लहान धारणेला ‘क्रॉफ्ट’ म्हणतात आणि ती कसणाऱ्या कुळांना १८८६ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. नॉर्थ रोनाल्डसेवर मेंढ्यांचा कारभार मात्र गावकीने चालतो. त्यासाठी ‘शीप कोर्ट’ नावाची पंचायत आहे आणि तिचे नियम १८३९ पासूनचे आहेत. कोणी किती मेंढ्या ठेवायच्या आणि गडग्याचा कोणता भाग कोणी राखायचा, हे जमिनीच्या वाट्यानुसार ठरत आले. कळप सामाईक चरतो, पण कोणाची मेंढी कोणती हे कानावरच्या खुणेवरून ओळखतात.

ही व्यवस्था उभी राहिली तेव्हा बेटाची लोकसंख्या पाचशेच्या घरात होती. घराघरात तरणी माणसे होती आणि पडलेला दगड त्याच आठवड्यात परत बसत असे. आज गडगा तेवढाच लांब आहे, हात मात्र आठवा हिस्साही उरलेले नाहीत आणि त्यातले अनेक वयस्कर आहेत. नियम आहेत, हद्दी ठरलेल्या आहेत, पण ज्याच्या वाट्याचा गडगा तो माणूसच बेटावर नसेल तर करायचे काय, हा खरा पेच आहे. बाहेरच्या स्वयंसेवकांना हाक मारावी लागली ती त्यामुळे.

स्वयंसेवक नेमके काय करतात?

२०१६ मध्ये बेटावर ‘शीप फेस्टिव्हल’ सुरू झाला. उन्हाळ्यात साधारण दोन आठवडे चालणाऱ्या या उपक्रमाचे नाव उत्सवाचे असले, तरी दिवसाचा मुख्य भाग दगड उचलण्यातच जातो. जाणकार स्थानिक शिकवतात आणि पाहुणे रचतात. चुना नाही, सिमेंट नाही. आधी कोसळलेला भाग पूर्ण मोकळा करायचा, दगड आकारानुसार लावून ठेवायचे, पाया घट्ट करायचा आणि मोठे दगड खाली घेत वर चढायचे. वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे. सांधे एका रेषेत आले की गडगा तेथूनच फुटतो. कोकण-गोव्यात सुका गडगा घालणाऱ्या कोणालाही हे शास्त्र ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की येथे गडग्यावर पावसाऐवजी लाटा आदळतात.

मेंढ्यांशी थेट संबंध येतो तो ‘पंडिंग’च्या वेळी. गडग्याला लागून दगडी कोंडवाडे आहेत. लोकर कातरण्यासाठी किंवा मोजणीसाठी सगळा कळप त्यात घालायचा असतो. भरतीला मेंढ्या आपोआप गडग्याकडे सरकतात, ती वेळ साधून माणसांची रांग किनाऱ्याने चालत त्यांना हाकते. मेंढ्या अर्ध्या रानटी, चपळ आणि खडकांना सरावलेल्या असतात. रांगेत एक जागा मोकळी राहिली तरी तेवढ्यातून कळप निसटतो. म्हणून येथे नवख्या माणसाचीही गरज असते. त्याने फक्त आपली जागा सोडायची नाही.

ज्यांना जास्त काळ राहायचे आहे, त्यांच्यासाठी बेटावरचे पक्षी निरीक्षण केंद्र हा मार्ग आहे. १९८७ पासूनच्या या केंद्रात स्वयंसेवक पक्ष्यांच्या नोंदी आणि अतिथीगृहाच्या कामासोबत मेंढ्यांच्या कामातही हात लावतात. कोकरांना बाटलीने दूध पाजण्याचे छायाचित्र पाहून येणाऱ्यांची मात्र निराशा होऊ शकते. येथे प्राण्याची सेवा बहुतेक वेळा दगड, चिखल आणि वाऱ्यातच करावी लागते.

दोन आठवड्यांच्या मदतीने प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. स्वयंसेवक येतात उन्हाळ्यात, गडगा पडतो हिवाळ्यात. नवशिक्याने रचलेला भाग कधी पुन्हा उकलून करावा लागतो. पाहुण्यांना शिकवण्यात स्थानिकांचा वेळ जातो आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय मोजक्याच घरांवर पडते. म्हणूनच काही वर्षांपूर्वी गडग्यासाठी पगारी ‘वॉर्डन’ नेमण्याची वेळ आली. कोठे किती पडझड आहे याची नोंद ठेवणे, दुरुस्तीचा क्रम ठरवणे, स्वयंसेवकांना कामाला लावणे हे एका माणसाने वर्षभर पाहिल्याशिवाय सुट्टीतल्या मदतीला दिशा मिळत नाही.

तरीही या मदतीचे मोल दगडांपलीकडे आहे. येणारा माणूस विमानाचे तिकीट काढतो, बेटावर मुक्काम करतो, तेथील गिरणीत कातलेली लोकर विकत घेतो. साठ-सत्तर लोकांच्या बेटावर दुकान आणि विमानफेऱ्या टिकायच्या तर असे प्रत्येक गिऱ्हाईक मोजले जाते. काही जण पुन्हा पुन्हा येतात. बेटाला खरी आस आहे ती त्यातल्या एखाद्या कुटुंबाने कायमचे राहण्याची. गडग्याचा प्रश्न शेवटी वस्तीचाच प्रश्न आहे.

भारतातून जाता येईल का?

जाता येते, पण व्हिसाचे नियम आधी पाहावेत. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवी काम करण्यास मर्यादित मुभा आहे. एकूण ३० दिवसांपर्यंत आणि तेही ब्रिटनमधील नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच. एखाद्या खासगी शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम करणे या सवलतीत बसत नाही. समाजमाध्यमांवर अशा ‘मोफत मुक्कामा’च्या जाहिराती बऱ्याच दिसतात. आपण ज्यांच्याकडे जाणार ती संस्था नोंदणीकृत धर्मादाय आहे का, कामाचे तास किती, विमा कोणाचा, हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

प्रवासही सरळ नाही. ऑर्कनीतल्या कर्कवॉल शहरातून आठ आसनी विमान सुमारे पंधरा-वीस मिनिटांत बेटावर उतरते. बोट आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आणि समुद्राच्या मर्जीवर. वारा वाढला की दोन्ही बंद, त्यामुळे परतीच्या तारखेत दोन-तीन दिवस हाताशी ठेवावे लागतात. सोबत दणकट बूट, जाड हातमोजे आणि ऐन जुलैतही उबदार कपडे हवेतच.