इजिप्तला निघण्याआधी

इजिप्त म्हटलं की डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: अथांग वाळवंट, तीन पिरॅमिड आणि एखादा उंट. प्रत्यक्षात गिझाचं पठार कैरोच्या वस्तीला खेटून आहे आणि स्फिंक्सच्या नजरेसमोर पिझ्झाचं दुकान आहे. फोटो काढणारे शहराला चौकटीबाहेर ठेवतात, एवढंच.

यापेक्षा महागात पडणारा समज असा, की पिरॅमिडच्या आत भिंतीभर चित्रं असतील. खुफूचा मोठा पिरॅमिड इसवी सनपूर्व २५६०च्या सुमाराचा. आत जायला वेगळं तिकीट काढावं लागतं. कंबरेत वाकून, घाम पुसत वर पोहोचलं की राजाच्या दालनात कोऱ्या ग्रॅनाइटच्या भिंती आणि झाकण नसलेली, कोपऱ्याला फुटलेली दगडी शवपेटी. बास! ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हे तिकीट खुशाल वगळावं आणि तो वेळ सक्काऱ्याला द्यावा. तिथला जोसेरचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड खुफूच्याही आधीचा आहे.

रंग बघायचे तर दक्षिणेला, लक्झरलाच जायला हवं. पुढे हजारएक वर्षांनी राजांनी पिरॅमिडचा नाद सोडला आणि डोंगराच्या पोटात कबरी खोदल्या. तेच राजांचं खोरं. साध्या तिकिटात तीन कबरी बघता येतात, त्यामुळे कोणत्या तीन हे आधीच ठरवावं. चौथ्या रामसेसच्या कबरीत फार चढउतार नाही. शेवटच्या दालनात मान वर केली की छतभर आकाशदेवी नूट पसरलेली दिसते. याउलट सगळ्यांना बघायची असते ती तुतनखामुनची कबर लहानशी, आणि तिला वेगळं तिकीट. हॉवर्ड कार्टरला ती १९२२ मध्ये सापडली. राजाची ममी अजून तिथेच आहे, पण सोन्याचा मुखवटा आणि बाकीचा खजिना गिझाजवळच्या नव्या, २०२५च्या नोव्हेंबरात रीतसर उघडलेल्या भव्य संग्रहालयात आहे. इतर राजांच्या ममी तिसरीकडेच, कैरोतल्या फुस्तातच्या संग्रहालयात.

म्हणून चार दिवस कैरो आणि एका दिवसात लक्झर 'उरकून' परत, हा बेत मला उलटा वाटतो. लक्झर कैरोपासून साडेसहाशे किलोमीटरवर आहे. अबू सिंबेलचं देऊळ तर आस्वानच्याही पुढे पावणेतीनशे किलोमीटर. मोटारीने जायचं तर पहाटे अंधारातच निघावं लागतं. ते देऊळ आज दुसऱ्या रामसेसने कोरलं त्या जागी नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. आस्वानच्या धरणात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारलं.

पिरॅमिड चाबकाखालच्या गुलामांनी बांधले, ही सिनेमाची देणगी. १९९०च्या सुमारास गिझाला कामगारांच्या कबरी सापडू लागल्या. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत असं मानाने पुरलेले लोक गुलाम नसावेत. जवळच त्यांची वस्ती आणि पावाच्या भट्ट्याही मिळाल्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी तर मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच हाती आली. तुऱ्याच्या खाणीतला चुनखडक होडीने गिझाला कसा पोचवला, याच्या त्यात नोंदी आहेत.

'शाकाहारी माणसाचे हाल होतात' हे ऐकून बॅगेत ठेपले भरणाऱ्यांनी कोशरीचं नाव लिहून ठेवावं: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. नाक्यानाक्यावर मिळते आणि पोट गच्च भरतं. उन्हाचं मात्र खरंच सांभाळावं. उन्हाळ्यात लक्झरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. तेव्हाही रात्रीसाठी स्वेटर हवाच.

पैशांचं गणितही अनेकांचं चुकतं. मोठ्या स्थळांच्या तिकीटखिडकीवर बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. पण कबरीतला राखणदार कोपऱ्यातलं एखादं चित्र आपणहून टॉर्चने दाखवतो आणि मग हात पुढे करतो, तिथे कार्डाचा काही उपयोग नाही. खिशात सुट्ट्या नोटा असू द्या.